शुभेच्छांचे स्वस्तिक: नाझींच्या आधीची पोस्टकार्डे कशी ओळखावी, जमवावी आणि जपावी

१९०९ च्या एखाद्या अमेरिकी पोस्टकार्डावर सोनेरी स्वस्तिक, त्याखाली घोड्याची नाल आणि चार पानांचे क्लोव्हर दिसले, की मराठी डोळ्यांना उंबरा आठवतो. लक्ष्मीपूजनाला वहीच्या पहिल्या पानावर काढलेले कुंकवाचे स्वस्तिक आठवते. तेच कार्ड युरोपात कुणाला दाखवले तर त्याला छळछावण्या आठवतात. आणि ज्या बाईने ते कॅन्ससहून आपल्या बहिणीला धाडले, तिच्या मनात यातले काहीच नव्हते. तिला फक्त 'गुड लक' म्हणायचे होते.

ही कार्डे जमवायची तर हा तिसरा अर्थ, म्हणजे पाठवणाऱ्याचा अर्थ, शोधायला शिकावे लागते. त्यासाठी नाझी अर्थ बाजूला ठेवावा लागतो आणि आपला घरचा अर्थसुद्धा. दुसरे काम आपल्याला जास्त जड जाते, कारण 'हे आपलेच' असे वाटले की माणूस पुढे तपासायचे थांबतो. पाठवणाऱ्याचा अर्थ चित्रावरून क्वचितच कळतो. तो कार्डाच्या पाठीवर असतो. म्हणून या लेखात चित्रापेक्षा पाठीवर जास्त भर आहे.

हे चिन्ह तिथे कसे पोचले

हाइनरिश श्लीमानने १८७१ पासून ट्रॉयचे उत्खनन केले. तिथल्या मातीच्या चात्यांवर स्वस्तिके सापडली आणि युरोपातल्या विद्वानांत या चिन्हाची चर्चा सुरू झाली. अमेरिकेत स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या थॉमस विल्सनने १८९४ च्या वार्षिक अहवालासाठी स्वस्तिकावर मोठा प्रबंध लिहिला. अभ्यासकांपुरते असलेले चिन्ह त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत दागिन्यांवर, नाण्यांसारख्या टोकनांवर, घड्याळाच्या साखळ्यांवर आणि पोस्टकार्डांवर आले. अमेरिकी व्यापाऱ्यांनी त्याला एक सोपा अर्थ चिकटवला: चार हात म्हणजे इंग्रजी 'एल' हे अक्षर चार वेळा, म्हणजेच लक, लाइट, लव्ह आणि लाइफ. कितीतरी कार्डांवर हा खुलासा छापलेला असतो. 'सु' आणि 'अस्ति' या संस्कृत व्युत्पत्तीशी त्याचा काही संबंध नाही, पण कार्डाच्या दृष्टीने तोच खरा पुरावा. पाठवणाऱ्याने तोच अर्थ वाचला होता.

काळही पोस्टकार्डांचा होता. ३० जून १९०८ ला संपलेल्या वर्षात अमेरिकी टपालातून ६७ कोटी ७७ लाखांहून अधिक पोस्टकार्डे गेली. त्यामुळे स्वस्तिकाची साधी शुभेच्छा-कार्डे आजही दुर्मीळ नाहीत. विक्रेता 'अतिदुर्मीळ' म्हणाला तरी घाई करू नका.

हिटलरच्या पक्षाने हे चिन्ह १९२० मध्ये घेतले आणि सप्टेंबर १९३५ मध्ये ते जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाले. पण अर्थ एका दिवसात पालटला नाही, आणि सगळ्या देशांत एकाच वेळी तर मुळीच नाही. अमेरिकी सैन्याच्या ४५ व्या डिव्हिजनच्या बाहीवर पिवळे स्वस्तिक होते. १९३९ मध्ये त्याच्या जागी थंडरबर्ड आला. फिनलंडच्या हवाईदलाचे निळे स्वस्तिक १९१८ पासूनचे. पहिले विमान देणाऱ्या स्वीडिश सरदाराची ती स्वतःची शुभखूण होती, आणि विमानांवर ती १९४५ पर्यंत राहिली. अमेरिकेच्या नैऋत्येकडील नवाहो, होपी, अपाची आणि तोहोनो ओधाम समाजांच्या प्रतिनिधींनी फेब्रुवारी १९४० मध्ये जाहीरनाम्यावर सही करून आपल्या विणकामातून आणि टोपल्यांतून हे चिन्ह सोडून दिले. म्हणजे १९२५ चे स्वस्तिक हातात आले तर ते कुठले, हे ठरल्याशिवाय त्याच्याबद्दल काही बोलता येत नाही.

संग्रहाची कुंपणे आधी घाला

'स्वस्तिक असलेले जे दिसेल ते' अशी सुरुवात केली की वर्षभरात डबा भरतो, संग्रह होत नाही. चार वाटा आहेत. त्यातली एक धरा.

पहिली वाट अमेरिकी शुभेच्छा-कार्डांची, साधारण १९०६ ते १९१८. उठावदार छपाई, सोनेरी शाई, नाल, क्लोव्हर, कोंबडीचे विशबोन (छातीजवळचे दुफाटी हाड, तीही तिकडची शुभखूण). स्वस्त आणि भरपूर, त्यामुळे शिकायला उत्तम.

दुसरी वाट खऱ्या फोटोंच्या कार्डांची. यात फोटो थेट फोटोकागदावर उतरवलेला असतो, अनेकदा मोजक्याच प्रतींत, आणि त्या कागदाच्या मागे पोस्टकार्डाची पाठ छापलेली असते. खेळाडूंचे संघ, दुकानांच्या पाट्या, शाळेतली मुले. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात 'विंडसर स्वस्तिकाज' नावाचा हॉकी संघ होता. ओक्लाहोमातल्या चिलोको इंडियन शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा १९०९ चा फोटो प्रसिद्ध आहे, जर्सीवर ठळक स्वस्तिके असलेला. ही वाट सर्वांत समृद्ध आहे. महाग आणि फसवीही तीच.

तिसरी वाट गावे, कारखाने आणि जाहिरातींची. ऑन्टारिओत स्वस्तिका नावाचे गाव आहे. युद्धकाळात प्रांतिक सरकारने त्याचे नाव बदलून विन्स्टन ठेवायचे ठरवले, गावकऱ्यांनी ते मानले नाही आणि जुनेच नाव टिकले. डेट्रॉइटच्या क्रिट मोटारीचे चिन्ह स्वस्तिक होते (१९०९ ते १९१६). डब्लिनमध्ये १९१२ ला सुरू झालेली स्वस्तिका लाँड्री होती. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनमध्ये १९२९ चे स्वस्तिका हॉटेल होते. इथे चिन्ह चित्रात कुठेतरी कोपऱ्यात असते आणि विक्रेत्याच्याही लक्षात आलेले नसते. धीर असलेल्याला फळ देणारी वाट.

चौथी वाट नवाहो विणकरांच्या कार्डांची. तिथे या चिन्हाला 'फिरते ओंडके' म्हणतात आणि त्याचा संबंध उपचाराच्या विधीशी आहे. घोंगड्यांवर ते मुख्यतः पर्यटकांच्या मागणीमुळे आले. या कार्डांच्या नोंदीत 'गुड लक' लिहू नका. तो खरेदीदारांचा अर्थ होता, विणकराचा नव्हे.

१९३३ ते १९४५ ची जर्मन प्रचार-कार्डे या संग्रहात घेऊ नयेत, हे आमचे ठाम मत. तो वेगळा विषय आहे. त्याचे कायदे वेगळे, बाजार वेगळा, त्यात नकली माल फार. शिवाय एकाच अल्बममध्ये ही दोन्ही आली की १९०९ च्या शुभेच्छेला उगाच त्याची सावली लागते. पण ती ओळखता मात्र आली पाहिजेत.

लागणारी हत्यारे

दहापट मोठे दाखवणारे सोनाराचे भिंग. ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. मिलिमीटरची पट्टी. मऊ ब्रश. २बी पेन्सिल. स्कॅनर. एवढे पुरे. पांढरे सुती हातमोजे नकोत. त्यांनी बोटांची जाणीव जाते आणि कोपरा दुमडतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करणे चांगले. फोटोकार्डासाठी मात्र नायट्राइलचे मोजे घाला, कारण चकचकीत पृष्ठभागावर बोटाचा ठसा कायमचा बसतो.

पाठ वाचायची रीत

कार्ड हातात आले की ते उलटे करा. चित्र शेवटी.

आधी माप घ्या. त्या काळातले कार्ड साधारण ८९ बाय १४० मिलिमीटर. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालते. १०२ बाय १५२ भरले तर ते आजच्या फोटोप्रिंटचे माप आहे, तिथेच सावध व्हा.

मग मधली रेघ. पाठीचे डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता असे दोन भाग करायची परवानगी ब्रिटनमध्ये १९०२ ला, जर्मनीत १९०५ ला आणि अमेरिकेत १ मार्च १९०७ ला मिळाली. त्याआधी पाठीवर फक्त पत्ता लिहायचा, मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. अमेरिकी कार्डाची पाठ अविभाजित असेल तर छपाई बहुधा १९०७ च्या आधीची. 'प्रायव्हेट मेलिंग कार्ड' असे शब्द असतील तर १८९८ ते १९०१. चित्राभोवती पांढरी चौकट असेल तर साधारण १९१५ ते १९३०, आणि कापडासारखा खरबरीत पोत असेल तर १९३० नंतरचे. खरबरीत पोताच्या कार्डावर स्वस्तिक दिसले तर ते हॉटेलाचे किंवा नैऋत्येकडील पर्यटनाचे असण्याचा संभव जास्त.

फोटोकार्डावर तिकिटाच्या जागी छापलेली चौकट पाहा. 'अझो' या कागदावर चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक केलेले असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ चा. दोन वर, दोन खाली असतील तर साधारण १९१८ ते १९३०. त्रिकोणांऐवजी चौकोन असतील तर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढचा. हे कागदाचे वय आहे, फोटोचे नव्हे. गावातला छायाचित्रकार जुना कागद तीन-चार वर्षे पुरवून वापरायचा.

पुढे तिकीट आणि दर. अमेरिकेत १९२५ पर्यंत पोस्टकार्डाला एक सेंट लागे. फक्त युद्धकराच्या काळात, २ नोव्हेंबर १९१७ ते ३० जून १९१९, दोन सेंट लागत. ब्रिटनमध्ये ३ जून १९१८ पर्यंत अर्धा पेनी. शिक्क्यातले साल पुसट असते तेव्हा हे दर कामी येतात. अमेरिकेतून अमेरिकेतच गेलेल्या कार्डाला दोन सेंटांचे तिकीट असेल आणि शिक्क्यात '१९१' पर्यंतच वाचता येत असेल, तर उरलेला आकडा जवळपास हातात आलाच.

शिक्का म्हणजे कार्ड 'उशिरात उशिरा केव्हाचे', एवढेच. छापलेले त्याआधी कधीही असू शकते. पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेली तारीख शिक्क्याशी जुळते का तेही पाहा.

शेवटी मजकूर. इथे घाई करू नका, कारण संग्रहाचा खरा ऐवज हाच. बहुतेक मजकूर हवापाण्याचा असतो. पण मधूनच एखादा माणूस चित्राबद्दल लिहितो: हे तुझ्या परीक्षेसाठी, हे नव्या घरासाठी. अशा एका ओळीने चिन्हाचा अर्थ सिद्ध होतो. आमच्या मते मळकट कोपऱ्यांचे पण असा मजकूर असलेले कार्ड कोऱ्या करकरीत कार्डापेक्षा मोलाचे आहे. बाजार उलटे मानतो. त्याचा फायदा घ्या.

एक कार्ड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा हातात असे कार्ड आहे. माप ८८ बाय १३९. पाठ विभागलेली, रेघ हिरव्या शाईची. डाव्या कडेला बारीक अक्षरात 'प्रिंटेड इन जर्मनी'. उजवीकडे एक सेंटाचे हिरवे तिकीट, त्यावर लहरी रेघांचा यंत्राचा शिक्का, गाव आयोवा राज्यातले, साल १९०९. पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी. आता उलटा. उठावदार सोनेरी स्वस्तिक, काटकोनात उभे, हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. खाली नाल.

'जर्मनी' हा शब्द पाहून नवखा दचकतो आणि विक्रेता किंमत वाढवतो. प्रत्यक्षात तो शब्दच कार्डाचे निरपराधपण सांगतो. त्या वर्षांत रंगीत उठावदार छपाईत जर्मन शिळाछापखाने सर्वांत पुढे होते, आणि अमेरिकी प्रकाशक आपली कार्डे तिथून छापून आणत. ऑगस्ट १९०९ मध्ये अमेरिकेने नवा जकात कायदा केला, आयात महागली आणि हा ओघ आटू लागला. म्हणजे जर्मनीत छापलेले, अमेरिकेत विकलेले, अमेरिकी शुभखुणेचे हे कार्ड. जर्मनीशी त्याचे नाते फक्त छापखान्यापुरते.

आता कार्ड तिरके धरून उजेडात पाहा. उठाव खरा असेल तर पाठीवर त्याच जागी खोलगट वळ दिसतो आणि पेन्सिलीची अक्षरे त्या वळावरून जाताना किंचित अडखळलेली असतात. सपाट छापलेल्या नकली कार्डात ही अडखळ नसते. आधी उठाव, मग लिखाण, हा क्रम कागदच सांगतो.

दिशेवरून आणि तिरकेपणावरून निकाल देऊ नका

'उजवीकडे वळलेले हिंदूंचे, डावीकडे वळलेले नाझींचे' असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. नाझी चिन्हाचे हातही आपल्या नेहमीच्या स्वस्तिकासारखेच घड्याळाच्या दिशेने वळतात. ध्वजावर ते ४५ अंशांत तिरके असते हे खरे, पण सरळ उभे नाझी स्वस्तिकही आहे, हिटलरच्या स्वतःच्या ध्वजावर तसेच होते. उलट १९१० च्या आसपासच्या शुभेच्छा-कार्डांवर डावी, उजवी, सरळ, तिरकी अशी सगळी सापडतात, कधी एकाच कार्डावर दोन. छापखान्याच्या चित्रकाराला तो फरक माहीतच नव्हता. दिशेची नोंद करा, निष्कर्ष काढू नका.

रंगसंगती थोडी अधिक बोलते. लाल पार्श्वभूमी, पांढरे वर्तुळ, आत काळे चिन्ह अशी मांडणी १९२० नंतरच्या जर्मन पक्षाची. पण तिथेही पाठ तपासल्याशिवाय शिक्कामोर्तब नको. डब्लिनच्या लाँड्रीच्या गाड्यासुद्धा लालच होत्या.

आता अवघड भाग. जर्मनी आणि ऑस्ट्रियातले १९२० च्या आधीचे स्वस्तिक आपोआप निर्दोष ठरत नाही. 'आर्य' वंशाचे आणि ज्यूद्वेषाचे राजकारण करणाऱ्या गटांनी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच उचलले होते. लांत्स फॉन लीबेनफेल्स या ऑस्ट्रियन वंशवादी लेखकाने १९०७ मध्ये वेर्फेनश्टाइनच्या गढीवर स्वस्तिकाचा ध्वज लावला. म्युनिकची थुले सोसायटी १९१८ ची. जर्मन प्रजासत्ताक उलथवू पाहणाऱ्या मार्च १९२० च्या काप बंडात एअरहार्ट ब्रिगेड या निमलष्करी दलाच्या सैनिकांच्या शिरस्त्राणांवर ते रंगवलेले होते. तेव्हा जर्मन भाषेतले, जर्मनीतच टपालात टाकलेले १९०७ ते १९२० मधले कार्ड असेल, तर छापील मजकूर कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. संघटनेचे नाव, क्रीडामंडळाचे नाव, ऋतूत्सवाचा उल्लेख, काही सोडू नका. अर्थ लागला नाही तर नोंदीत 'अनिश्चित' लिहा आणि शुभेच्छांच्या पाकिटात ते कार्ड घालू नका.

नकली आणि खाडाखोड केलेली कार्डे

पूर्ण बनावट कार्ड पकडणे सोपे. अतिनील टॉर्च अंधारात कार्डाच्या पाठीवर मारा. कागदाला पांढरेपणा आणणारी चमकद्रव्ये साधारण १९५० नंतर वापरात आली, त्यामुळे कार्ड निळसर पांढरे झगमगले तर ते जुने नाही. जुना कागद मंद, पिवळट दिसतो. एक सावधगिरी: फक्त एखादा डाग किंवा कडा चमकत असेल तर तो नव्या अल्बमचा डिंक किंवा साबणाचा अंश असू शकतो. आणि न चमकणे हा जुनेपणाचा पुरावा नाही. जुन्या पुस्तकाचा कोरा कागद फाडून त्यावरही छापता येते.

मग भिंग. खऱ्या फोटोत ठिपके दिसत नाहीत, करड्या छटा सलग वितळतात. काळोख्या भागांत रुपेरी आरशासारखी झाक आली असेल तर ती चांदीच्या क्षाराची, जुनेपणाची खूण. शिळाछापात हाताने मारल्यासारखे अनियमित ठिपके दिसतात. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी नियमित नक्षी आधुनिक ऑफसेटची, आणि धुळीसारखे विखुरलेले रंगीत कण इंकजेटचे.

खाडाखोड पकडणे कठीण. साध्या, स्वस्त नालेच्या कार्डावर कुणी रबरी शिक्क्याने स्वस्तिक उमटवतो आणि दहापट भाव सांगतो. भिंगाखाली शाईचा क्रम पाहा: नंतर मारलेली शाई कागदाच्या सुरकुतीत आणि तुटलेल्या कोपऱ्याच्या उघड्या तंतूंत झिरपलेली असते. मूळ छपाईची शाई सुरकुतीवर तडकलेली असते, आत गेलेली नसते. फोटोकार्डांत उलट प्रकार होतो. संघाचा फोटो खरा, पण जर्सीवरचे चिन्ह संगणकावर घालून पुन्हा छापलेले. कापडाच्या चुण्या चिन्हावरून जातात का ते पाहा. जर्सी वळते तिथे चिन्ह वळले पाहिजे.

शोध आणि खरेदी

शोधताना फक्त 'स्वस्तिका' शब्दावर थांबू नका. जुन्या इंग्रजीत 'फिलफॉट', ग्रीक वळणाने 'गॅमाडिऑन', नवाहो संदर्भात 'व्हर्लिंग लॉग', फ्रेंचमध्ये 'क्रुआ गामे' म्हणतात. हे शब्द रोमन लिपीत टाका. त्याहून चांगले फळ 'गुड लक', 'हॉर्सशू', 'विशबोन' यांत मिळते, कारण अनेक विक्री-संकेतस्थळे नाझी वस्तूंवर बंदी घालतात आणि त्या गाळणीत अडकू नये म्हणून विक्रेते तो शब्दच टाळतात. संकेतस्थळाचे नियम स्वतः वाचा. विक्रेत्याने नियम मोडलेला असेल तर तुमचा व्यवहारही रद्द होऊ शकतो.

किंमत ठरवायला मागितलेले भाव पाहू नका, विकले गेलेले पाहा. तशाच प्रकारचे दहा व्यवहार टिपा, चढत्या क्रमाने लावा आणि मधल्या दोन भावांची सरासरी धरा. पाठवलेले की कोरे, कोपरे कसे, उठाव दबला आहे का, तिकीट शाबूत आहे का, या चार गोष्टींनी त्यात फरक पडतो. तिकीट सोलून काढलेले कार्ड स्वस्त असते, आणि त्याबरोबर अर्धा शिक्काही गेलेला असतो. या विषयात हे नुकसान मोठे.

पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे स्कॅन मागा. 'पाठ कोरी आहे, फोटो कशाला' असे उत्तर आले तर सोडून द्या. पाकीट दोन जाड पुठ्ठ्यांत घालून पाठवायला सांगा. पुठ्ठा कार्डापेक्षा चारही बाजूंनी किमान एक सेंटिमीटर मोठा असावा, नाहीतर वाटेत कोपरे मरतात. आणि चिकटपट्टी कार्डाला लागू देऊ नका असे स्पष्ट लिहा.

भारतातून बाहेर पाठवायचे असेल तर एक कायदा लक्षात ठेवा. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ नुसार ऐतिहासिक, साहित्यिक किंवा सौंदर्यमूल्य असलेला ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज पुरावशेष ठरू शकतो, आणि खासगी व्यक्तीला तो निर्यात करता येत नाही. अदलाबदलीच्या उत्साहात जुनी कार्डे परदेशी पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्या.

नोंद

कार्ड पाकिटात घालण्याआधी ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू स्कॅन करा. क्रमांक पाकिटावर आधी लिहा, मग कार्ड आत घाला. आत कार्ड असताना लिहिलेले अक्षर उठाव दाबते. नोंदवहीत माप, पाठीचा प्रकार, प्रकाशक, छपाईचा देश, तिकीट, शिक्का, मजकूर शब्दशः, चिन्हाची दिशा आणि शेवटी अर्थ. अर्थाच्या रकान्यात दोन वेगळ्या ओळी ठेवा: 'कार्डावर काय लिहिले आहे' आणि 'आपल्याला काय वाटते'. वर्षभराने दुसरी ओळ खोडावी लागते. पहिली तशीच राहते.

जपणूक

आपल्याकडचा शत्रू पावसाळा. मुंबईत किंवा कोकणात जूनमध्ये बंद कपाटात महिनाभर ठेवलेल्या कार्डावर तपकिरी ठिपके उठतात, कसर लागते, फोटोकार्डे एकमेकांना चिकटतात.

पाकिटे पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पीव्हीसीची नकोत. उग्र प्लॅस्टिकचा वास आला तर बहुधा तीच. काही वर्षांत ती तेलकट होतात आणि शाई ओढून घेतात. चिकट पानांचे फोटो अल्बम तर अजिबात नको. लॅमिनेशन म्हणजे कार्डाचा शेवटच.

पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवा, आडवी रचू नका. आडव्या ढिगात खालच्या कार्डांचा उठाव सपाट होतो. दहा लिटरच्या डब्यात ५० ते १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल पुरते. रंग उतरला की ती पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे ओव्हनमध्ये वाळवून परत घाला. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राखा. फार कोरडेही नको. तीसच्या खाली फोटोकार्ड पन्हळीसारखे वळते आणि सरळ करायला गेले की वरचा थर तडकतो. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका.

नवे आलेले कार्ड थेट डब्यात जाऊ नये. वेगळ्या बंद पिशवीत दोन आठवडे ठेवा आणि कसरीची बारीक भुकटी पडते का पाहा. साफसफाई ब्रशने, मधून कडेकडे. पाणी नाही, खोडरबर छापील भागावर नाही. वाफ देऊन अल्बमच्या पानावरून कार्ड सोडवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. फोटोकार्डावर तो करू नका, जिलेटिन वितळते. चिकटलेले पान कार्डाभोवती कापून तसेच ठेवलेले बरे.

शेजारची चिन्हे

या विषयाची गोडी लागली तर हीच पद्धत इतरत्रही चालते. सर्वांत चांगले उदाहरण चिन्हाचे नाही, हाताचे आहे. फ्रान्सिस बेलामीने १८९२ मध्ये लिहिलेल्या ध्वजप्रतिज्ञेबरोबर अमेरिकी शाळकरी मुले हात पुढे ताणून झेंड्याला वंदन करत. फॅसिस्ट सलामीशी साम्य खटकू लागल्यावर २२ डिसेंबर १९४२ ला संसदेने हात छातीवर ठेवायचे ठरवले. त्याआधीची वर्गातली फोटोकार्डे आज पाहणाऱ्याला धक्का देतात, आणि तिथेही उत्तर पाठीवरच्या शाळेच्या नावात असते. जर्मन नववर्षाच्या कार्डांवरचे डुक्कर आणि लाल छत्रीचे विषारी अळंबेही असेच. जर्मनीत दोन्ही नशिबाची चिन्हे, बाहेर कुणाला कळतही नाहीत.

दाखवताना

पुढची बाजू एकटी कधी दाखवू नका. स्कॅन जोडताना पुढची आणि मागची बाजू एकाच चित्रात शेजारी ठेवा, आणि साल, गाव व छापील अर्थ त्याच चित्राच्या खाली घाला, वेगळ्या मजकुरात नको. चित्र पुढे पाठवले की वेगळा मजकूर गळून पडतो आणि उरते फक्त स्वस्तिक. प्रदर्शनात मथळा कार्डाच्या डावीकडे लावा, म्हणजे डोळा आधी साल वाचतो. ज्या घरांतली माणसे नाझींनी मारली, त्या घरांतले कुणी समोर असेल तर आधी तोंडी सांगा आणि मग कार्ड काढा. 'आमच्याकडे हे पवित्र आहे' या वाक्याने सुरुवात नको. त्या कार्डाचा तो विषय नाही.

परदेशी कार्ड नेताना किंवा तिथून मागवताना कायदा देशागणिक बदलतो. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६-ए नुसार नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला आणि इतिहासाची माहिती यांना सवलत आहे, पण ती सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येऊ शकते. ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०२४ पासून नाझी चिन्हाच्या प्रदर्शनावर आणि व्यापारावर बंदी घातली आणि हिंदू, बौद्ध, जैन धार्मिक वापर त्यातून वगळला. १९०९ चे शुभेच्छा-कार्ड नाझी नाही आणि धार्मिकही नाही, ते दोन्हींच्या मध्ये येते. म्हणून अशा प्रवासात प्रत्येक कार्डाबरोबर त्याच्या पाठीची छापील प्रत आणि इंग्रजीत दोन ओळींची नोंद ठेवा: छपाईचे वर्ष, टपालाचे वर्ष, देश आणि कार्डावर छापलेला अर्थ. जर्मनीला जायचे असेल तर तीच नोंद जर्मनमध्येही करून घ्या.